सूचीचे सॉफ्टवेअर घेण्याआधी ‘वऱ्हाड’ शोधून पाहा
नागपुरातील महाविद्यालये, संशोधन संस्था आणि सार्वजनिक वाचनालयांच्या ग्रंथालय समित्यांना खुले पत्र

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

ग्रंथालयाच्या विषयवार सूची ऑनलाइन टाकण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा विषय समितीच्या बैठकांत वारंवार निघतो. सहसा त्याचा निकाल ठरलेल्या वाटेने लागतो. कोटेशने मागवली जातात, विक्रेता इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी दाखवून प्रात्यक्षिक देतो आणि कमी दराला मंजुरी मिळते. या सगळ्याच्या आधी एक पायरी घालावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. आपल्याच संग्रहातल्या मराठी नोंदी त्या सॉफ्टवेअरमध्ये घाला, शोधा आणि पुन्हा बाहेर काढा. जशा घातल्या तशा त्या बाहेर येत नसतील, तर ते सॉफ्टवेअर फुकट मिळाले तरी घेऊ नका.

आधी एक घोळ दूर करू. तालिका आणि ग्रंथसूची ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्याकडे काय आहे आणि ते कोणत्या कपाटात आहे, हे तालिका सांगते. त्यासाठी कोहा, इन्फ्लिबनेटचे सोल किंवा एनआयसीचे ई-ग्रंथालय आहे आणि ती व्यवस्था ठीक आहे. ग्रंथसूची एखाद्या विषयावर काय काय लिहिले गेले ते सांगते. त्यात आपल्याकडे नसलेली पुस्तके येतात, दिवाळी अंकातले लेख येतात, गौरवग्रंथातली प्रकरणे, अप्रकाशित प्रबंध आणि जुने सरकारी अहवालही येतात. कोहात सार्वजनिक याद्या करता येतात आणि नव्याने आलेल्या पुस्तकांसाठी त्या पुरेशा आहेत. पण त्या यादीत तालिकेत नोंद असलेलीच वस्तू बसते. झाडीबोलीवरच्या लेखांची सूची करायची, तर प्रत्येक लेखाची मार्क नोंद (तालिकेच्या नोंदींचा ठरलेला संगणकीय साचा) करून तिच्यातल्या ७७३ क्रमांकाच्या क्षेत्रातून मूळ अंकाशी जोडावी लागते. हे शक्य आहे, पण त्या कामाला माणूस कुठून आणणार? म्हणून सूचीसाठी वेगळे साधन घ्यावे आणि तालिका आहे तशी चालू ठेवावी.

आता ‘वऱ्हाड’कडे येऊ. विदर्भाच्या कोणत्याही सूचीत हा शब्द जागोजागी येणारच. तो संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर असते आणि त्याला हलन्त लागतो. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका टंकलेखकाने पहिल्या कळफलकावर आणि दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकावर नोंदी केल्या, तर शोध घेणाऱ्याला निम्म्याच नोंदी मिळतात. उरलेल्या निम्म्या आहेत हे त्याला कळतही नाही. आयात करताना ‘अनावश्यक चिन्हे’ साफ करणारी काही साधने ते न दिसणारे जोडचिन्ह काढून टाकतात. मग र चा रफार होऊन ह च्या डोक्यावर जातो आणि ‘वर्हाड’ असे चुकीचे रूप कायमचे साठवले जाते.

‘ॲ’चेही तसेच. ‘ॲकॅडमी’तला ॲ हे एक अखंड अक्षर म्हणून टंकता येते किंवा अ वर अर्धचंद्र देऊन. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची रीत, ही दोन रूपे एक मानत नाही, म्हणजे सॉफ्टवेअर युनिकोडचे नियम तंतोतंत पाळत असले तरी हा दोष उरतोच. उपाय साधा आहे. समितीने कोणते रूप वापरायचे ते ठरवावे, ते एका पानावर लिहून प्रत्येक टंकलेखकाच्या टेबलावर ठेवावे आणि जुन्या याद्या आयात करण्यापूर्वी ओपनरिफाइनमधून एकदा काढाव्यात. ओपनरिफाइन हे याद्या साफ करण्याचे साधन फुकट आहे. एका रूपाच्या जागी दुसरे रूप घालायला त्यात एका ओळीची सूचना पुरते. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधल्या याद्या आधी युनिकोडमध्ये बदलाव्या लागतील. तिथे रफार, ऱ्ह-ऱ्य आणि ऱ्हस्व वेलांटी या तीन जागा हमखास बिघडतात. बदललेली यादी निदान या तीन ठिकाणी माणसाने वाचलीच पाहिजे.

दुसरी चाचणी अकारविल्हेची. काळे, कोलते, क्षीरसागर, ठाकरे, शेवाळकर, ज्ञानेश्वर अशी नावे घालून क्रम लावा. निव्वळ युनिकोडच्या क्रमांकांवर चालणारे सॉफ्टवेअर क्षीरसागरांना कोलत्यांच्या पाठोपाठ, म्हणजे क च्या शेवटी बसवते आणि ळ ला ल च्या लगेच पुढे आणते. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर येतो. क्ष आणि ज्ञ शेवटी घ्यायचे की क आणि ज मध्ये, यावर मराठी कोशांतही दोन प्रथा आहेत. कोणतीही स्वीकारा, पण सॉफ्टवेअरने ठरवण्याआधी समितीने ठरवा. स्वतःचे डेटाबेस बांधून देणारा विक्रेता असेल तर त्याला एक प्रश्न विचारा: मराठीचा वर्णक्रम कुठून घेणार? पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत आयसीयू या युनिकोडच्या सॉफ्टवेअर-संचाचा मराठी वर्णक्रम मिळतो. ‘ते नंतर बघू’ असे उत्तर आले तर सूची छापायच्या दिवशी रडायची वेळ येईल. नोंदींच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसू लागली, तर डेटाबेस किंवा त्याची जोडणी अजून लॅटिन संचावर आहे असे समजा. ती अक्षरे बहुधा साठवतानाच गेलेली असतात, फाँट बदलून परत येत नाहीत. कोहात देवनागरी शोध नीट लागत नसेल, तर त्यातल्या झेब्रा या शोधयंत्राची अनुक्रमणिका आयसीयू पद्धतीने बांधली आहे का, ते आधी तपासा.

नावांचा प्रश्न याहून मोठा आहे. नागपूर विद्यापीठाचे माजी कुलगुरू आणि महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक विष्णु भिकाजी कोलते यांचेच पाहा. वि. भि. कोलते, विष्णु भिकाजी कोलते, भाऊसाहेब कोलते आणि इंग्रजी लेखनात व्ही. बी. कोलते, हे सगळे एकच गृहस्थ. सूचीत ते चार लेखक होऊन बसू नयेत. ‘ग्रेस’ला आडनाव नाही. ‘अनिल’ म्हणजे आ. रा. देशपांडे. आडनाव आणि नाव असे दोन रकाने सक्तीने भरायला लावणारे सॉफ्टवेअर अशा नावांची मोडतोड करते. आम्ही पुढे शिफारस केलेल्या झोटेरो या सूची-साधनात नावाच्या रकान्याशेजारचे बटण दाबले की दोन रकान्यांचा एक होतो. ग्रेस, तुकडोजी महाराज आणि सगळ्या संस्था या एका रकान्यातच घालाव्यात. शिवाय नावाचे आद्याक्षर आपोआप काढणारी संदर्भशैली निवडली असेल, तर ‘विष्णु’चे ‘वि.’ होते की नुसते ‘व.’, हे डोळ्यांनी पाहा.

संस्था हीच कर्ता असलेल्या प्रकाशनांत नागपूरची अडचण खास आपली आहे. याच शहरात छापलेल्या सरकारी अहवालाचा कर्ता आधी मध्य प्रांत, मग मध्य प्रांत व वऱ्हाड, १९५० पासून मध्य प्रदेश, १९५६ पासून मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र असा बदलत गेला. १९५० ते १९५६ या काळातल्या नागपूरच्या प्रकाशनांवर ‘मध्य प्रदेश शासन’ असते. विचार न करता आयात केली की ती भोपाळच्या आजच्या प्रकाशनांत मिसळतात. कर्त्याचे नाव अहवालावर असेल तसेच ठेवा आणि ‘नागपूर राजधानी काळ’ असा एक टॅग लावा. टॅगवरून सगळे एकत्र काढता येते आणि मूळ नोंदही खोटी होत नाही.

सालाबद्दल. शके १८७८ असे छापलेले पुस्तक इ.स. १९५६-५७ चे. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. महिना माहीत नसेल तर ७८ मिळवून आलेले साल सालाच्या रकान्यात घालावे आणि मूळ शकाचा आकडा टिपणीत ठेवावा. सालाच्या रकान्यात आकडे इंग्रजीच टंका. देवनागरी आकडे बहुतेक सॉफ्टवेअर साल म्हणून ओळखत नाहीत, मग कालक्रमाने मांडणी केली की त्या नोंदी एका टोकाला जाऊन पडतात. छापील सूचीत पुन्हा देवनागरी आकडे आणणे सोपे आहे.

आता साधनांबद्दल. एंडनोट आणि रेफवर्क्स ही संदर्भनोंदी सांभाळणारी, क्लॅरिव्हेट कंपनीच्या घरची सशुल्क साधने आहेत. मोठ्या संशोधन संस्थेचे वर्गणीचे गणित वेगळे असू शकते, पण वर्गणी थांबली की सूचीचे काय होणार, हे करारात लिहून घ्या. मेंडली हे तसलेच साधन एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीकडे २०१३ साली गेले. २०१८ मध्ये त्यांनी वापरकर्त्याच्याच संगणकावरचा डेटाबेस कूटबद्ध केला, त्यामुळे दुसऱ्या साधनाला तो थेट वाचता येईना. सिटयूलाइक ही लोकप्रिय सेवा २००४ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०१९ मध्ये बंद पडली. कनोटिया त्याआधी, २०१३ मध्येच बंद झाली होती. सेवा बंद पडतात हे गृहीत धरूनच निवड करायची असते. ज्यांनी वेळेवर निर्यात केली त्यांची सूची वाचली.

आमची शिफारस झोटेरोची आहे. २००६ पासून ते चालू आहे, मुक्तस्रोत आहे आणि सगळ्या नोंदी आपल्या संगणकावर उघड्या एसक्यूलाइट डेटाबेस फाइलमध्ये राहतात. एकट्या संशोधकाला लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीतच लिहायचे असेल तर जॅबरेफही उत्तम आहे, पण ते संस्थेच्या सामूहिक कामासाठी नव्हे. रेफबेससारखी स्वतःच्या सर्व्हरवर बसवायची जुनी साधने देखणी वाटतात. मात्र ज्यांची नवी आवृत्ती वर्षानुवर्षे निघालेली नाही, ती सर्व्हरवरच्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेची आवृत्ती बदलली की एके दिवशी उघडेनाशी होतात आणि दुरुस्त करायला कोणी मिळत नाही. स्वतःचा सर्व्हर हवाच असेल, तर त्याची देखरेख करणारे पद आधी मंजूर करा.

झोटेरोत काम कसे मांडायचे? खाते संस्थेच्या कायमच्या ईमेलवर उघडा, ग्रंथपालाच्या खासगी ईमेलवर नको. निवृत्तीनंतर पासवर्ड शोधत बसण्याची वेळ त्यामुळे येत नाही. गट करताना तीन प्रकार विचारले जातील: सार्वजनिक खुला, सार्वजनिक बंद आणि खासगी. सार्वजनिक बंद निवडा. सूची कोणालाही खाते न उघडता वाचता येते, पण सदस्य आपण बोलावू तेच होतात. संपादनाचा हक्क सुरुवातीला फक्त प्रशासकांना द्या. कारण गटातल्या एकाने नोंद पुसून कचरापेटी रिकामी केली की समक्रमणातून ती सगळ्यांच्याच संगणकावरून जाते. स्वतःच्या संग्रहातून ओढून गटात टाकलेली नोंद ही वेगळी प्रत असते. एकीकडे केलेली दुरुस्ती दुसरीकडे आपोआप जात नाही, म्हणून दुरुस्त्या गटातच करायची सवय लावा.

नोंदींना साठवणुकीची मर्यादा नाही. ३०० एमबीची मोफत मर्यादा फक्त जोडलेल्या फाइलींना आहे, आणि गटातल्या फाइली गटमालकाच्या कोट्यातून मोजल्या जातात. जास्तीची जागा २ जीबीला वर्षाला २० डॉलर आणि ६ जीबीला ६० डॉलर अशी मिळते. फाइली ठेवायला आपला वेबडॅव सर्व्हर वापरून हा खर्च वाचवू, असे कोणी सुचवेल. ती सोय फक्त वैयक्तिक संग्रहाला आहे, गटाला नाही. खरे तर सूचीला पीडीएफ जोडायची गरजच नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आपल्याकडे हक्क टिकतात, त्यामुळे स्कॅन केलेली पुस्तके उघड्या गटात टाकणे अडचणीचे आहे. नोंदीत पुस्तक कुठल्या वाचनालयात आहे ते लिहा, वाचक तिथे पोचेल.

आयएसबीएन घालून नोंद आपोआप आणण्याची सोय इंग्रजी पुस्तकांना छान चालते. मराठीसाठी तिच्यावर विसंबू नका. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नाही. परदेशी तालिकांतून आलेल्या मराठी नोंदी बहुधा रोमन लिपीत, वर-खाली चिन्हे असलेल्या असतात. हातानेच टंकावे लागेल आणि खरा खर्च तिथेच आहे. अंदाजपत्रकात सॉफ्टवेअरच्या रकमेपेक्षा टंकलेखनाच्या आणि तपासणीच्या मानधनाची रक्कम मोठी दिसली पाहिजे. रोमन शीर्षक आयते मिळालेच तर फेकू नका. देवनागरी शीर्षक मुख्य रकान्यात घाला, रोमन ‘एक्स्ट्रा’ या रकान्यात ठेवा आणि भाषेच्या रकान्यात मराठीचे संकेतचिन्ह (mr) लिहा.

जुन्या याद्या बहुतेक ठिकाणी एक्सेलमध्ये आहेत, आणि सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल नुसती दोनदा क्लिक करून उघडली की देवनागरीची जागा अगम्य खुणा घेतात. तेरा आकडी आयएसबीएन ९.७८ई+१२ असा आखडतो, आणि त्याच रूपात पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन केला तर पहिले तीन सोडून बाकीचे आकडे कायमचे जातात. पृष्ठे ३-५ लिहिलेली असतील तर त्यांची ३ मे होते. दहा आकडी आयएसबीएनचे सुरुवातीचे शून्य गळते. म्हणून फाइल कधीही थेट उघडू नये. ‘डेटा’मधून मजकूर आयात करावा, यूटीएफ-८ ही युनिकोडची साठवण-पद्धत निवडावी आणि सगळे स्तंभ ‘टेक्स्ट’ म्हणून घ्यावेत. झोटेरो सीएसव्ही थेट घेत नाही, त्यामुळे ओपनरिफाइनच्या साच्यातून ती आरआयएस या संदर्भनोंदींच्या फाइल-रूपात बदलावी लागते. तालिकेतून मार्क नोंदी काढत असाल तर मार्कएक्सएमएलमध्ये काढा. जुन्या आयएसओ २७०९ रूपात एका क्षेत्राची लांबी चार आकड्यांत, म्हणजे ९९९९ बाइटपर्यंतच लिहिता येते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. सुमारे ३३०० चिन्हांपलीकडचे लांब अनुक्रमणिकेचे टिपण तिथे तुटते.

संकेतस्थळावर सूची दाखवायला झोटेरोच्या एपीआयचा, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला नोंदी पुरवणाऱ्या सोयीचा, वापर करता येतो. इथे एक चूक फार ठिकाणी होते. काही न सांगता मागणी केली तर एपीआय २५ नोंदी देतो, सांगितले तर एका वेळी १००. पुढच्या नोंदींसाठी पुन्हा पुन्हा मागणी करावी लागते. ही गोष्ट पान बांधणाऱ्याला ठाऊक नसेल तर ८०० नोंदींची सूची संकेतस्थळावर २५ चीच दिसते, आणि सूची लहान आहे असा वाचकाचा समज होतो. नोंदी क्वचितच बदलत असतील तर महिन्यातून एकदा साधे एचटीएमएल पान काढून चढवणे सर्वांत टिकाऊ. ते कोणत्याही सर्व्हरवर चालते आणि मोबाइलवर मंद नेटवरही उघडते.

बाहेर काढण्याबद्दल सुरुवातीला लिहिले, त्याची रीत अशी. दर महिन्याला तीन रूपांत निर्यात करा: झोटेरो आरडीएफ, कारण त्यात विषयवार कप्पे टिकतात, आरआयएस, कारण जवळपास प्रत्येक साधन ते वाचते, फक्त कप्पे गळतात, आणि सीएसएल जेसन. लाटेकसाठीचे बिबटेक रूप हवे असेल तर यूटीएफ-८ निवडा आणि संदर्भकिल्ल्या, म्हणजे प्रत्येक नोंदीची ओळखखूण, तपासा. देवनागरी अक्षरे गाळल्यामुळे त्या रिकाम्या किंवा एकसारख्या निघू शकतात. बेटर बिबटेक या पुरवणीने किल्ल्या नीट ठरवून घेता येतात. निर्यातीची एक प्रत संस्थेबाहेर, दुसऱ्या शहरातल्या सहयोगी ग्रंथालयाकडे असावी. वर्षातून एकदा ती प्रत रिकाम्या संगणकावर आयात करून नोंदींची संख्या जुळते का ते पाहा. परत आणून न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये.

समितीच्या ठरावात आम्ही सुचवतो त्या बाबी थोड्या आहेत. चाचणीसाठी ४० नोंदी आपल्या संग्रहातून निवडाव्यात. त्यात शके असलेली पुस्तके, टोपणनावाचे लेखक, दिवाळी अंकातले लेख, सरकारी अहवाल, एक हिंदी आणि एक इंग्रजी नोंद आणि ‘वऱ्हाड’ दोन्ही रूपांत असलेली शीर्षके हवीत. विक्रेत्याने किंवा आपल्याच माणसाने त्या समितीसमोर घालून, शोधून, क्रम लावून, आरआयएसमध्ये काढून पुन्हा आत घेऊन दाखवाव्यात. शेवटी ४० च्या ४० नोंदी अक्षर न् अक्षर जुळल्या तरच पुढची बोलणी करावीत. सशुल्क सेवा असेल तर करार संपल्यानंतर ९० दिवस निर्यातीची मुभा राहील, असे कलम करारात असावे. गटाचा मालक, दोन प्रशासक आणि त्यांची जबाबदारी पदनामाने नमूद करावी. आणि नोंद कशी लिहायची याचे ते एक पान ठरावाला जोडावे. तेच पान शहरातल्या इतर वाचनालयांनीही स्वीकारले, तर पुढे सगळ्यांच्या सूची एकमेकींत मिसळताना पुन्हा पहिल्यापासून साफसफाई करावी लागणार नाही.

ही ४० नोंदींची चाचणी घ्यायला अर्धा दिवस लागतो. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ती खरेदीच्या विषयाआधी घ्यावी, ही विनंती.

कळावे.

आपले,
नागपुरातील ग्रंथालयांत सूचीचे काम करणारे काही ग्रंथपाल व सूचीकार